एका स्टेन्सिलवरून चाळीस संगणक

बरीच वर्षे शाळेतल्या चाचणी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल यंत्रावर निघत. ज्यांनी ते यंत्र पाहिले आहे त्यांना त्या शाईचा वास अजून आठवत असेल. मेणाचा थर दिलेल्या स्टेन्सिल कागदावर, रिबन बाजूला सारून, टाइपरायटरने अक्षरे उमटवायची. जिथे अक्षर पडे तिथला मेणाचा थर फाटे आणि त्यातून शाई झिरपे. मग स्टेन्सिल रोळावर चढवायचा आणि हँडल फिरवत राहायचे. टाइप एकदाच, प्रती शंभर. मात्र स्टेन्सिलमध्ये ‘काटकोन’चा ‘काटकान’ झाला असेल तर तोही शंभर वेळा उमटे, आणि परीक्षेच्या दिवशी ‘तिसऱ्या प्रश्नात दुरुस्ती’ असे सांगत कोणीतरी वर्गावर्गात फिरे.

हे आठवण्याचे कारण असे की शाळा-महाविद्यालयांत आता लॅपटॉप एकदम तीस-चाळीसच्या संख्येने येतात. सगळे एकाच बनावटीचे, एकाच दिवशी खोक्यांतून बाहेर काढलेले. जूनमध्ये ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात. दिवाळीपर्यंत एकाचा मराठी कळफलक नाहीसा झालेला असतो, दुसऱ्याचा पडदा उलटा झालेला असतो, तिसऱ्यात कोणीतरी चार खेळ आणि त्यांच्याबरोबर एक व्हायरस आणून ठेवलेला असतो. प्रत्येक यंत्राचे दुखणे वेगळे. एकेक दुरुस्त करायचे म्हटले तर संगणक शिकवणाऱ्या बाईंच्या सगळ्या सुट्या त्यातच जातील.

या कामातली जाणती माणसे दुरुस्तीच्या वाटेला जातच नाहीत. ती एक यंत्र मनासारखे सजवतात, त्याच्या डिस्कची एक हुबेहूब ‘प्रतिमा’ काढून ठेवतात आणि यंत्रे बिघडली की सगळ्यांवरचे सगळे पुसून तीच प्रतिमा पुन्हा उतरवतात. इंग्रजीत याला डिस्क इमेजिंग म्हणतात. युक्ती ऐकायला सोपी आहे. पण ती चाळीस यंत्रांवर चालावी म्हणून जे प्रश्न सोडवावे लागले, त्यांत वर्गात सांगण्याजोगे पुष्कळ आहे.

फाइली का नाही उतरवायच्या?

पहिली शंका कोणाच्याही मनात येईल. चांगल्या यंत्रातल्या सगळ्या फाइली उचलून वाईट यंत्रात टाकल्या की झाले, नाही का? तसे होत नाही. संगणक सुरू होताना डिस्कवरचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ठराविक मापाचा कप्पा. त्या काळी तो ५१२ बाइटचा असे. या पहिल्या सेक्टरमध्ये ‘पुढे कुठे पाहायचे’ याची सूचना असते. ती फाइल नसते, म्हणून फाइली उतरवताना ती मागेच राहते. शिवाय चालू असलेली विंडोज स्वतःच्या कित्येक फाइली उघडून बसलेली असते. त्या बदलत असताना त्यांची नक्कल काढणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो आहोत तीच मोजायला घेण्यासारखे. बरे, विंडोज बंद ठेवून जुन्या डॉसच्या आज्ञेने फाइली उचलाव्यात, तर डॉसला फक्त आठ अक्षरांची नावे कळत. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ची लांब नावे त्यात छाटली जात आणि नवे यंत्र नीट उठत नसे.

म्हणजे डिस्कची नक्कल करायची तर बाहेरून करायला हवी, आणि फाइलींच्या एक पायरी खाली उतरून सेक्टर-सेक्टर करायला हवी. ही कल्पना जुनीच होती. युनिक्समध्ये १९७० च्या दशकापासून ‘डीडी’ नावाची आज्ञा आहे. ती डिस्कवर काय लिहिले आहे याचा विचारच करत नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत जसेच्या तसे उतरवते. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर ‘डिस्ककॉपी’ ही आज्ञा होती. ती फ्लॉपीची अशीच नक्कल करी, आणि तेव्हाच्या फ्लॉपीत मावत अवघे १६० किलोबाइट.

आंधळ्या नकलेची अडचण डिस्क मोठ्या झाल्यावर कळली. समजा शाळेचे जनरल रजिस्टर पाचशे पानांचे आहे आणि त्यातली साठच पाने भरली आहेत. डीडी उरलेली चारशे चाळीस कोरी पानेही तितक्याच निष्ठेने उतरवत बसते. आणि ती पाने खरोखर कोरीही नसतात! संगणकात फाइल ‘काढून टाकली’ की बहुधा फक्त तिची नोंद खोडली जाते. मजकूर जुन्याच जागी पडून राहतो. मास्टर यंत्रावर कधीकाळी वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका टाइप करून नंतर काढून टाकलेली असेल, तर अशा आंधळ्या नकलेबरोबर ती चाळीसही लॅपटॉपवर जाऊ शकते. हरवलेल्या फाइली शोधून देणारा प्रोग्राम वापरणे नववीतल्या मुलांना अवघड जात नाही, हे शिक्षकांना सांगायला नकोच.

ऑकलंडचे भूत

विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतली तर तिच्या तेरा फ्लॉप्या असत. एका यंत्रात त्या एकामागून एक घालायच्या, मग छापणीयंत्राची, ध्वनीची, पडद्याची अशी एकेक जोडणी लावायची, मग वर्ड, मग खाते उघडणे. एका यंत्रामागे अर्धा दिवस सहज जाई. जगभरच्या कचेऱ्यांत आणि प्रयोगशाळांत हेच चालले होते.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड येथे बायनरी रिसर्च नावाची कंपनी होती. तिथल्या मरे हॅझार्ड यांनी १९९५ मध्ये ‘घोस्ट’ हा प्रोग्राम लिहिला. नावाची फोड ‘जनरल हार्डवेअर-ओरिएंटेड सिस्टिम ट्रान्स्फर’ अशी सांगतात. नाव आधी आणि फोड मागाहून सुचली असावी, असा आमचा संशय आहे. काही असो, नाव असे चिकटले की संगणक दुरुस्त करणारी मंडळी ‘घोस्ट मारला’ असे क्रियापदच वापरू लागली, आणि आमच्याकडची काही दुकाने अजूनही तसेच म्हणतात.

घोस्टची खुबी अशी की त्याला डिस्कवरचे हिशेबपुस्तक वाचता येई. तेव्हाच्या डिस्कवर ‘फॅट’ नावाची एक सारणी असे. डिस्कची जागा समान तुकड्यांत वाटलेली आणि कोणता तुकडा वापरात आहे, कोणता मोकळा, हे त्या सारणीत लिहिलेले. घोस्ट आधी ही सारणी वाची आणि फक्त भरलेले तुकडे उचली. त्यामुळे वेळ लागे तो डिस्कच्या आकारावर नव्हे, तर तिच्यातल्या मजकुरावर. मोकळी जागा उचलायचीच नसल्याने लहान डिस्कवरचा मजकूर मोठ्या डिस्कवर उतरवून नवी सारणी तिथल्या मापाने बनवताही येई. आणि सगळा प्रोग्राम एका फ्लॉपीवर मावे. ती फ्लॉपी घालून यंत्र सुरू केले की विंडोज झोपलेलीच राही, म्हणजे फांदीवर न बसता फांदी मोजता येई. सुरुवातीला घोस्टला फॅट ही एकच लिपी येत असे. विंडोज एनटीची एनटीएफएस ही पद्धत तो पुढे शिकला. १९९८ मध्ये सिमँटेक या अमेरिकी कंपनीने घोस्ट विकत घेतला.

नक्कल थेट दुसऱ्या डिस्कवर न उतरवता एका मोठ्या फाइलमध्ये साठवायची, ही त्याच्याही पुढची पायरी. हीच ती ‘प्रतिमा’, म्हणजे आपला स्टेन्सिल. ती दाबून लहान करता येते, सर्व्हरवर किंवा सीडीवर ठेवता येते आणि सहा महिन्यांनी पुन्हा वापरता येते. यात काही घोस्टची मक्तेदारी नव्हती. अमेरिकेतल्या पॉवरक्वेस्ट कंपनीचा ‘ड्राइव्ह इमेज’ हेच काम करी. पुढे तैवानच्या राष्ट्रीय उच्च-क्षमता संगणन केंद्रात स्टीव्हन शियाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्लोनझिला’ तयार केला. तो मोफत मिळतो, त्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे, आणि आमच्या मते कमी खर्चात काम भागवू पाहणाऱ्या शाळेने आधी त्याच्याकडे वळावे.

शुद्धलेखनाचा तास

एका यंत्राचे काम सोपे झाले. चाळिसांचे काय? एक हिशेब करून पाहू. दाबून लहान केलेली प्रतिमा १० गिगाबाइटची आहे आणि शाळेतल्या तारांच्या जाळ्यातून सेकंदाला १० मेगाबाइट जातात असे धरू. एका लॅपटॉपला हजार सेकंद, म्हणजे साधारण सतरा मिनिटे लागतील. चाळीस लॅपटॉप एकाच सर्व्हरकडून आपापली प्रत स्वतंत्रपणे मागू लागले, तर सर्व्हरच्या एकाच तारेतून चाळीस हजार सेकंदांचा मजकूर जायचा आहे. अकरा तास!

वर्गात आपण असे करत नाही. पन्नास मुलांना शुद्धलेखन घालायचे तर एकेकाच्या कानात उतारा सांगत नाही. एकदाच मोठ्याने वाचतो, पन्नास जण लिहितात. संगणकांच्या जाळ्यात याला मल्टिकास्ट म्हणतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे स्टीव्ह डिअरिंग यांनी इंटरनेटच्या पत्त्यांमध्ये याची सोय मांडली, आणि १९८९ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले. नेहमीचा पत्ता एका यंत्राचा असतो. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते मात्र एखाद्या गटाचे असतात. ज्याला ऐकायचे आहे त्याने त्या गटात नाव घालायचे. बोलणारा एकदाच बोलतो. स्विच तो मजकूर गटातल्या सगळ्यांकडे वाटतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस घोस्ट आणि त्याच्यासारखे इतर प्रोग्राम या मार्गाने प्रतिमा पाठवू लागले, आणि अकरा तासांचे काम पुन्हा सतरा मिनिटांच्या आसपास आले.

पण शुद्धलेखनाच्या तासाला काय होते ते आठवा. एखाद्याला शब्द ऐकू येत नाही. तो ‘बाई, परत सांगा’ म्हणतो. दुसऱ्याचा दुसराच शब्द सुटलेला असतो. पन्नास जण वेगवेगळ्या वेळी ओरडू लागले तर उतारा पुढे जाणारच नाही. शिवाय एक मुलगा उशिरा येतो, त्याचा पहिला परिच्छेदच हुकलेला असतो.

या गोंधळावरचा आम्हाला सर्वांत आवडलेला उपाय अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात निघाला. तिथे संगणकांच्या जाळ्यांवर प्रयोग करण्यासाठी एकसारख्या शेकडो यंत्रांची प्रयोगशाळा होती आणि प्रत्येक प्रयोगानंतर यंत्रे पुसून नव्याने भरावी लागत. माइक हिब्लर, लेह स्टोलर, जे लेप्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘फ्रिस्बी’ ही प्रणाली मांडली. त्यांनी प्रतिमेचे एकेक मेगाबाइटचे तुकडे केले, आणि प्रत्येक तुकडा स्वयंपूर्ण ठेवला. तो उलगडायला आधीचा तुकडा लागत नाही. म्हणजे उताऱ्याचे परिच्छेद कोणत्याही क्रमाने आले तरी चालतात. प्रत्येकावर त्याची जागा लिहिलेली असते. उशिरा आलेला मुलगा मधूनच लिहायला बसतो आणि सुटलेले परिच्छेद शेवटी मागून घेतो. मागण्याचा गलबला टाळण्यासाठी प्रत्येक यंत्र इतरांच्या मागण्याही ऐकते. मला हवा असलेला तुकडा दुसऱ्याने आधीच मागितला असेल तर मी गप्प बसायचे. तो सगळ्यांना ऐकू येणारच आहे.

त्यांनी दिलेला आकडा असा: ८० यंत्रांच्या डिस्कवर मिळून ५० गिगाबाइट मजकूर ३४ सेकंदांत लिहिला गेला. हा आकडा वर्गात गणित म्हणून घालण्याजोगा आहे. ५० गिगाबाइट भागिले ८० म्हणजे प्रत्येक डिस्कवर सुमारे ६४० मेगाबाइट. त्या यंत्रांचे जाळे सेकंदाला १०० मेगाबिटचे, म्हणजे फार तर साडेबारा मेगाबाइटचे. ६४० मेगाबाइट जायला ५१ सेकंद हवेत. मग ३४ सेकंदांत कसे गेले? विद्यार्थ्यांना थोडा वेळ डोके खाजवू द्यावे. (तारेतून गेला तो दाबलेला मजकूर, तो मोठा झाला पलीकडे पोचल्यावर.)

एका अक्षराची चूक

इथे आमचा स्वतःचा एक प्रसंग सांगतो. अभिमानाचा नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सोळा लॅपटॉप आले. एका लॅपटॉपवर मोजमापांचे सर्व प्रोग्राम बसवून तो मास्टर करायचा आणि बाकीच्यांच्या डिस्क बाहेर काढून, तारेने जोडून, डीडीने थेट नक्कल उतरवायची, असे ठरले. डीडीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: ‘आयएफ’ म्हणजे कुठून वाचायचे आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठे लिहायचे. फरक एका अक्षराचा. संध्याकाळ झाली होती, सात-आठ डिस्क झाल्या होत्या, हात सवयीने चालला होता. नवव्या डिस्कच्या वेळी आम्ही ती दोन अक्षरे उलटी टाइप केली. कोऱ्या डिस्कचा कोरेपणा मास्टरवर उतरला. डीडी काही विचारत नाही, काही दाखवत नाही. चाळीस मिनिटांनी काम पूर्ण झाल्याचे तिने सांगितले तेव्हाच आमच्या लक्षात आले.

प्रोग्राम पुन्हा बसवता आले असते; नकला तर आठ तयार होत्याच. पण त्या मास्टरवर दोन विद्यार्थिनींनी त्याच दिवशी दुपारी, ‘सर, तेवढ्यापुरते ठेवतो’ असे सांगून, तीन आठवड्यांच्या मोजमापांच्या फाइली ठेवल्या होत्या. प्रतिमा काढण्याआधी त्या काढून ठेवू, असे आम्हीच म्हटले होते आणि विसरलो होतो. आधीच्या नकलांतल्या एकीवर तरी त्या सापडतील म्हणून रात्री सगळ्या डिस्क पाहिल्या, तर आठही नकला आदल्या दिवशीच्या निघाल्या. त्या दिवशीची नववी पहिलीच होती. दोघींनी तीन आठवडे पुन्हा मोजमापे घेतली. त्यांतली एक अजूनही भेटली की हसून विचारते, ‘सर, आयएफ की ओएफ?’

क्लोनझिला डिस्कवर लिहिण्यापूर्वी ‘नक्की ना?’ असे दोनदा विचारतो. पूर्वी आम्हाला त्याचा कंटाळा येई.

सगळ्यांचा क्रमांक एक

आता ज्या गोष्टीवरून जाणत्यांमध्ये बरीच वर्षे वाद होता तिच्याकडे वळू. नक्कल जर हुबेहूब असेल तर यंत्रांनी एकमेकांना ओळखायचे कसे?

काही ओळखी लोखंडातच असतात. जाळ्याच्या जोडणीचा मॅक पत्ता कारखान्यात ठरतो, तो डिस्कबरोबर जात नाही. पण यंत्राचे नाव डिस्कवर असते. लिनक्समध्ये ‘मशीन-आयडी’ नावाची ओळख आणि दूरच्या यंत्राशी बोलताना लागणाऱ्या गुप्त किल्ल्या डिस्कवर असतात. प्रतिमा उतरवताना त्या पुसून नव्या केल्या नाहीत तर चाळीस घरांना एकच कुलूप बसते.

विंडोज एनटीमध्ये अशीच एक ओळख होती: ‘सिड’, म्हणजे सुरक्षा-ओळखक्रमांक. विंडोज बसवताना तीन मोठ्या संख्या यादृच्छिक पद्धतीने निवडून तो तयार होतो. आपल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो आणि विद्यार्थ्याला त्या शाळेतला रजिस्टर क्रमांक, तसेच काहीसे. यंत्राचा सिड म्हणजे शाळेचा क्रमांक, आणि त्याच्यापुढे जोडलेला छोटा आकडा म्हणजे त्या यंत्रावरचा एकेक वापरकर्ता. घोस्टने चाळीस यंत्रे केली की चाळीस शाळांना एकच क्रमांक मिळतो. मग एका यंत्रावरचा वापरकर्ता दुसऱ्या यंत्राला आपलाच वाटेल आणि त्याची कुलपे उघडेल, अशी भीती पसरली. घोस्टबरोबर सिड बदलणारा प्रोग्राम मिळू लागला. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी ‘न्यूसिड’ नावाचा मोफत प्रोग्राम लिहिला आणि तो जगभर वापरला गेला. मायक्रोसॉफ्टने स्वतःचा ‘सिसप्रेप’ दिला. प्रतिमा काढण्यापूर्वी तो चालवला की यंत्राच्या सगळ्या ओळखी मिटतात आणि नकलेतून उठलेले प्रत्येक यंत्र नव्याने आपले बारसे करून घेते.

दहा-बारा वर्षे हे असे चालले. मग नोव्हेंबर २००९ मध्ये खुद्द रुसिनोविच यांनीच जाहीर केले की सारख्या सिडमुळे बिघडते असे एकही उदाहरण आपल्याला सापडले नाही. ते तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले होते आणि विंडोजची आज्ञावली त्यांना पाहता येत होती. त्यांचा युक्तिवाद साधा होता. शाळेचा क्रमांक जर शाळेबाहेर कोणी विचारतच नसेल, तर दोन शाळांचा एकच असला म्हणून काय झाले? एक यंत्र दुसऱ्याला आपली ओळख सिड सांगून पटवत नाही. नाव आणि परवलीचा शब्द सांगून पटवते. त्यांनी न्यूसिड मागे घेतला. स्वतःच्याच लोकप्रिय प्रोग्रामला ‘याची गरज कधी नव्हती’ असे म्हणणे सोपे नसते. इतकी वर्षे इतक्या लोकांनी पाळलेली गोष्ट कोणी तपासून पाहिली नव्हती, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. मायक्रोसॉफ्टचे अधिकृत धोरण मात्र बदलले नाही: सिसप्रेप चालवा.

इथे गोष्ट संपली असे आम्हीही समजत होतो. आमच्या व्याख्यानांत ‘शास्त्रज्ञांमध्येही अंधश्रद्धा असतात’ म्हणून हे उदाहरण आम्ही कित्येकदा दिले आहे. पण २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या विंडोज ११ आणि विंडोज सर्व्हर २०२५ च्या सुधारणांमध्ये नवी सुरक्षा आली, आणि जाळ्यावरून ओळख पटवताना सिडची तपासणी सुरू झाली. सारखे सिड असलेली यंत्रे एकमेकांना आत घेईनात. परवलीचा शब्द बरोबर असूनही नकार. ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कारण सांगितले आणि कायमचा उपाय म्हणून ती यंत्रे योग्य पद्धतीने, म्हणजे सिसप्रेप वापरून, पुन्हा तयार करायला सांगितले. २००९ चे म्हणणे चूक होते असे नाही. ते त्या वेळच्या विंडोजबद्दल होते, आणि विंडोज बदलली. आम्हाला मात्र आमचे व्याख्यान बदलावे लागले.

लॅपटॉप आणि हवेतला आवाज

आतापर्यंतची कथा टेबलावर बसवलेल्या, तारांनी जोडलेल्या संगणकांची होती. लॅपटॉपने तिच्यात नवी अडचण आणली.

शाळांमध्ये एकसारखे लॅपटॉप हजारोंनी वाटण्याचा पहिला गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या मेन राज्याचा. गव्हर्नर अँगस किंग यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये तिथल्या सातवीतल्या सतरा हजारांवर मुलांना अ‍ॅपलचे आयबुक दिले गेले, पुढच्या वर्षी आठवीलाही. नंतर ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. उरुग्वे देशाने २००७ ते २००९ या काळात सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला ते दिले. भारतात २००७ मध्ये या लॅपटॉपचा पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैराट येथे, एका शिक्षकाच्या छोट्या शाळेत सुरू झाला.

एक्सओला तारेचे पोर्टच नव्हते; सगळे काम वाय-फायवर. पुढे इतर कंपन्यांनीही लॅपटॉप पातळ करताना ते पोर्ट काढून टाकले. मग एकच जोडतुकडा यूएसबीला लावून एकेक यंत्र तारेला जोडावे लागते, आणि त्यात एक गंमत होते. मॅक पत्ता असतो त्या जोडतुकड्याचा. तो दहा लॅपटॉपांना पाळीपाळीने लावला की सर्व्हरला वाटते, एकच लॅपटॉप दहा वेळा आला!

पण वाय-फायवरून मल्टिकास्ट करायला काय हरकत आहे? वाय-फायवर दोन यंत्रे बोलतात तेव्हा प्रत्येक तुकड्याची पोचपावती येते. पावती आली नाही तर तुकडा पुन्हा पाठवतात. म्हणून पंख्याच्या घरघरीतही निरोप पोचतो. गटाला पाठवलेल्या तुकड्यांना मात्र पोचपावतीच नसते, कारण चाळीस जण एकदम पावत्या देऊ लागले तर कोणाचेच ऐकू येणार नाही. शिवाय सर्वांत लांबच्यालाही ऐकू जावे म्हणून ते मुद्दाम संथ गतीने पाठवले जातात. परिणामी बरेच तुकडे हवेतच हरवतात, आणि प्रत्येकाचे वेगळे हरवतात.

एक्सओच्या ‘नँडब्लास्टर’ने यावर गणिती तोड वापरली. समजा मला ७ आणि ५ हे दोन आकडे पाठवायचे आहेत. मी तीन आकडे पाठवतो: ७, ५ आणि त्यांची बेरीज १२. यांपैकी कोणताही एक हरवला तरी उरलेल्या दोघांवरून तो काढता येतो. कोणता हरवला हे मला विचारावे लागत नाही. याहून सुंदर रूप भूमितीत आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. दोन आकड्यांवरून एक रेषा ठरवा, आणि त्या रेषेवरचे पाच बिंदू पाठवा. ऐकणाऱ्याला पाचांपैकी कोणतेही दोन मिळाले की रेषा मिळाली, आणि रेषा मिळाली की मूळ आकडे मिळाले. दोनाऐवजी वीस तुकडे घेतले तर रेषेऐवजी वरच्या घाताची बहुपदी लागते आणि आकडे हाताबाहेर वाढू नयेत म्हणून गणित मर्यादित संख्यांच्या संचात करतात, एवढेच. एक लॅपटॉप वक्ता होतो, वर्गातले बाकीचे श्रोते. वक्ता तुकडे आणि त्यांचे जादा सोबती पुन्हापुन्हा पाठवत राहतो. प्रत्येक श्रोत्याला पुरेसे तुकडे मिळाले की त्याची प्रतिमा पूर्ण. ‘बाई, परत सांगा’ म्हणायची गरजच उरत नाही.

वीस-पंचवीस लॅपटॉपच्या शाळेला एवढेही लागत नसे. एक्सओमध्ये यूएसबी कांडी घालायची, खेळाच्या चार कळा — गोल, चौकोन, फुली आणि बरोबरची खूण — एकदम दाबून धरायच्या आणि यंत्र सुरू करायचे. कांडीवरची प्रतिमा आपोआप उतरे. हे तिसरीतल्या मुलालाही जमण्यासारखे होते, आणि भीतीही तीच होती. कारण प्रतिमा उतरली की त्या मुलाने लिहिलेले, काढलेली चित्रे, टिपलेले आजीचे गाणे, सगळे जाई. म्हणून प्रकल्पाने दुसरीही वाट ठेवली होती: फक्त प्रणाली बदलायची आणि मुलाचे घर, म्हणजे त्याच्या फाइलींची जागा, जशीच्या तशी ठेवायची. प्रतिमा उतरवायला बसणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात करण्याआधी या दोन वाटांतला फरक नीट पाहून घ्यावा, असे आम्ही आयएफ-ओएफच्या अनुभवावरून सांगू शकतो.

स्टेन्सिलचा उतार

२०१० नंतर हळूहळू चित्र पालटले. २०११ मध्ये आलेल्या क्रोमबुकमध्ये प्रणालीच्या दोन प्रती पोटातच असतात. एक चालू असते, दुसरीवर नवी आवृत्ती लिहिली जाते, आणि मुलाचे काम बहुतांशी दूरच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे पुसून टाकणे ही मोठी घटना राहिली नाही. अ‍ॅपलने २०१७ च्या अखेरीपासून आपल्या यंत्रांत सुरक्षेसाठी वेगळी चिप बसवायला सुरुवात केली. ज्या यंत्रावर प्रणाली चालणार, तिथेच ती बसवायला हवी, दुसरीकडून आणलेली एकसंध प्रतिमा आम्हाला मान्य नाही, असे कंपनीने स्पष्ट केले. मायक्रोसॉफ्टनेही कारखान्यातून आलेली विंडोज तशीच ठेवून तिच्यावर फक्त शाळेच्या सूचना चढवायची पद्धत २०१७ मध्ये आणली. मात्र या पद्धतींना खात्रीचे इंटरनेट लागते. घरगुती वापरासाठीचा नॉर्टन घोस्ट २०१३ मध्ये बंद झाला.

तरीही, इंटरनेट धड नसलेल्या आणि जुन्या देणगी-लॅपटॉपांवर लिनक्स टाकून काम चालवणाऱ्या शाळेत स्टेन्सिलच कामाला येतो. आमच्या विभागातही येतो. मास्टर लॅपटॉप आता कुलूपबंद कपाटात असतो. त्याच्यावर प्रतिमा काढल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी असते, आणि खाली त्याच विद्यार्थिनीच्या अक्षरात एक ओळ: ‘यावर काहीही तेवढ्यापुरते ठेवू नये.’